स्टेंट (हृदयाच्या नसेत बसवतात ती जाळी) न टाकता नुसत्या बलूनवर कोणाची अँजिओप्लास्टी झालीय का? अनुभव लिहा

आमच्या आप्पांचा (जळगाव, वय ६८) जुना स्टेंट आतून परत भरला. या वेळी डॉक्टरांनी स्टेंटात स्टेंट न घालता औषधाचा बलून वापरला. आधी साध्या बलूनने रस्ता मोकळा केला, मग औषधवाला मिनिटभर फुगवून धरला आणि काढून घेतला, औषध तेवढं नसेच्या भिंतीत राहतं आणि आत परत मांस वाढू देत नाही म्हणे. वॉर्डात आल्याआल्या आप्पा म्हणाले, "छातीमा काहीच नही ठेवं? मंग पैसा कसाना लिनात?" अजून समाधान नाही. तुमच्याकडे कोणाचं झालं असेल तर सांगा.

धुळ्याहून: माझंच झालंय. शुगर जुनी, नस बारीक, सव्वादोन एमएमची, म्हणून बलून. मनगटातून केलं, जागीच होते मी. फुगवला तेव्हा छातीवर कोणी पाटा ठेवला असं झालं, आणि तो टेक्निशियन आपला निवांत सेकंद मोजतोय, चाळीस, पन्नास… ओरडणार तेवढ्यात सुटलं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांतली एक तीन महिन्यांनी बंद केली, डॉक्टरांनी हं, मी नाही. शेजारच्या काकूंना स्टेंट आहे, त्यांना दोन्ही वर्षभर होत्या.

भुसावळ: भावाचं पण बलूनच ठरलेलं, पण फुगवताना नस आतून चिरली, शेवटी स्टेंट टाकावाच लागला. आम्हाला कळलं कधी, तर बिलावर दोन्ही दिसले तेव्हा! दुसऱ्या डॉक्टरांना फाईल दाखवली, ते म्हणाले असं होऊ शकतं, स्टेंट टाकला ते बरोबरच. मग बाहेर येऊन दोन शब्द सांगायला काय झालं होतं?

अमळनेरकर: पैशाचं आधी विचारा भाऊ. २०१७ ला सरकारने किंमत बांधली ती स्टेंटची, बलून त्यात नव्हता. आमच्या बिलात बलूनच महाग निघाला. योजनेत बसतो का हे विचारायला तीन चकरा मारल्या.

जळगाव, परत मीच: भुसावळचं वाचून हॉस्पिटलातून अँजिओप्लास्टीची सीडी मागून आणली, आप्पांना लॅपटॉपवर दाखवली. आधी दोऱ्याएवढी धार, नंतर भरून वाहणारी. दोनदा बघितली. मग म्हणे, "पाटना गाळ काढा, आसं सांगा ना."