टेरेस ग्रुप, जळगाव : जिनचं पाणी का होतंय?

*ए-२०३:* भाऊ, शनिवारी जिन-टॉनिक करतोय. घरी केलं की पाचव्या मिनिटाला नुसतं पाणी. जिन वाढवू का?

*बी-४०१:* जिन नको, बर्फ वाढव भो. या उन्हात चार क्यूब टाकले तर ते लगेच विरघळणारच. ग्लास काठोकाठ भर, म्हणजे थंडावा टिकतो. ६० मिली जिन, १२० ते १५० टॉनिक. टॉनिक आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये. कोमट ओतलं की गॅस पण जातो, बर्फ पण. कडेनं ओत, चमचा एकदाच खालून वर. ढवळत बसू नको.

*ए-१०२:* टॉनिक नाहीये, सोडा चालेल का?

*बी-४०१:* ताई, चव पार बदलेल. टॉनिकचा कडवटपणा क्विनाइनचा, शिवाय त्यात साखर असते. सोड्यात दोन्ही नाही. त्यापेक्षा टॉम कॉलिन्स करा : जिन ६०, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक १५. बर्फ घालून १०-१२ सेकंद हलवा, गाळून ताज्या बर्फावर ओता, वरून ६० ते ९० मिली सोडा.

*सी-३०५:* हलवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. बाहेरून दव धरलं की झालं. सोडा मात्र आत घालू नका, झाकण उडेल 😄

*ए-१०२:* पाक एकतारी ना?

*सी-३०५:* नाही नाही! वाटीला वाटी पाणी, साखर विरघळली की गॅस बंद, पूर्ण गार करा. एकतारी तळाशी बसतो, पहिला घोट आंबट अन् शेवटचा शिरा.

*बी-४०१:* लिंबू कागदीच. पोळपाटावर दाबून फिरवा, पण साल पिळून काढू नका, कडू होतं. रस ऐनवेळी काढा.
पुदिना असेल तर साउथसाइड : हेच माप, सोडा नाही, ६-८ पानं सोबत हलवायची, गाळताना चहाची गाळणी. खलबत्त्यात कुटलात तर चटणीचा वास येतो.

*ए-२०३:* शेवभाजीसोबत कोणतं?

*बी-४०१:* कॉलिन्स. तिखटावर टॉनिक आणखी कडू लागतं. कॉलिन्स भारी लागस!

*सेक्रेटरी:* परवाना काढा, २५ च्या खालच्यांना सरबत. खाली उतरून गाडी चालवायची नाही.

*ए-२०३:* ओके. बर्फाची लादी मी आणतो.

*सी-३०५:* निळसर लादी आणू नको भो, ती खायची नसते. घरीच डब्यात जमव, झाकण लावून. उघडा ठेवला तर मटणाचा वास धरतो.