चारोळीची लहान झाडंच दिसेनात, बी किती सोडावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय, त्यामुळे मोह-चारोळीचं काय करायचं ते आम्हीच ठरवतो. यंदा मे महिन्यात चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोडायला गेले आणि एक गोष्ट खटकली. जुनी, मोठी झाडं आहेत, पण मनगटाएवढी जवळपास नाहीतच. दोन दिवस फिरले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली.

फळ पिकेपर्यंत कोणी थांबत नाही, आपण थांबलो तर दुसरा नेईल ही धास्ती. काही जण अख्खी फांदीच छाटतात. आणि बी तर सगळीच घरी येते. आंबा खाल्ला तर कोय निदान उकिरड्यावर रुजते, चारोळीत आपण बीच फोडून खातो.

शोधताना ब्राझील नटबद्दल वाचलं, ॲमेझॉनच्या जंगलातलं मोठं झाड, त्याच्याही बिया खातात. 2003 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या 23 ठिकाणची झाडं पाहिली होती. जिथे वर्षानुवर्षं जोरात वेचणी झाली, तिथे 60 सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाची झाडं जवळपास नव्हती. तिथे तर फांदीही तोडत नाहीत, खाली पडलेली फळं वेचतात! म्हातारी झाडं शेकडो वर्षं उभी राहतात म्हणून जंगल भरलेलं वाटतं. वाचून पोटात गोळा आला.

तर किती झाडांची फळं सोडावीत? घरात ठेवलेली जुनी बी पेरून पाहिली, एकही उगवली नाही. आणि दोष वेचणीचा की वणव्याचा, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

ताई, सगळा दोष लगेच वेचणीवर टाकू नका. ब्राझील नटच्या पुढच्या अभ्यासांत काही ठिकाणी वेचणी चालू असूनही रोपं भरपूर मिळाली, पडीक सोडलेल्या शेतांत तर विशेष. तिथे रोपाला ऊन मिळतं, आणि अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी बिया पुरून ठेवतो, त्यातल्या काही तशाच राहून रुजतात.

तुमच्याकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात का? ती आग पसरली की चारोळीची कोवळी रोपं आधी जातात. जंगलाचे दोन तुकडे निवडा. आग आणि गुरं दोन्हींत बंद. वेचणी एकात चालू, दुसऱ्यात बंद. तीन पावसाळे रोपं मोजा. मुळांतून आलेले फुटवे वेगळे मोजा, चारोळी तशीही वाढते.

बी ताजीच हवी, पूर्ण पिकलेल्या फळाची. गर धुवा, कवच जपून तडकवा आणि त्याच पावसाळ्यात पेरा.

धागाकर्ती

मनापासून आभार. हो, पाला जाळतात, आमच्या घरचेही जाळतात. दोन तुकड्यांचं येत्या ग्रामसभेत मांडते. वेचणी बंद असलेल्या तुकड्यात कोणी पहाटेच शिरलं तर काय करायचं, हा प्रश्न तिथे नक्की येईल. तारीख ठरवून सगळ्या गावाने एकाच दिवशी तोडणी सुरू करायची, असं कुठे चालतं का? कोणाच्या गावात असेल तर नियम कसे ठेवलेत ते कृपया सांगा.