पश्चात्ताप झाला म्हणजे हिशेब मिटला का? कार्टूनमधले सुपरहिरो आणि त्यांच्या चुका

गोदाकाठ:
सुपरहिरोंच्या अ‍ॅनिमेशन मालिकांत हल्ली नायक चुकतो, खचतो, त्याची झोप उडते. याला लोक परिपक्व लेखन म्हणतात. मला त्यात पळवाट दिसते. नायकाचं दुःख इतक्या जवळून दाखवतात की ज्याचं घर पडलं, ज्याची बहीण गेली, तो माणूस चौकटीबाहेरच राहतो. पश्चात्ताप माणूस एकट्यानं करू शकतो. जाब द्यायचा तर दुसऱ्या कुणासमोर तरी उभं राहावं लागतं.

'इन्व्हिन्सिबल' घ्या (पाहिलं नसेल तर हा परिच्छेद सोडा). २०२१च्या पहिल्या सीझनच्या शेवटी ऑम्नी-मॅन हा महाबलाढ्य सुपरहिरो स्वतःच्या मुलाला, म्हणजे मालिकेचा नायक मार्कला, मारत मारत शिकागो उद्ध्वस्त करतो. धावत्या भुयारी रेल्वेसमोर त्याला धरून उभा राहतो आणि आतली माणसं मरतात. मार्कचा त्यात दोष नाही. पण २०२५च्या तिसऱ्या सीझनमध्ये स्कॉट डुव्हाल येतो. त्याची बहीण आणि भाची त्या शिकागोत गेलेली असतात. तो पॉवरप्लेक्स नावाचा खलनायक होऊन मार्कवर चालून येतो आणि त्या झटापटीत त्याची बायको आणि लहान मुलगाही जातात. मार्कजवळ द्यायला माफीशिवाय काही नसतं. मला खटकतं ते हे की स्कॉटला तक्रार घेऊन जायला एकही दार नव्हतं. पंचनामा नाही, चौकशी नाही, भरपाई नाही. दार नसलं की माणूस भिंत फोडतो.

याउलट वीस वर्षांपूर्वीची 'जस्टिस लीग अनलिमिटेड' बघा. लीग म्हणजे सुपरहिरोंची संघटना. तिच्या उपग्रहावरच्या तोफेतून पृथ्वीवर मारा होतो. तो सुपरमॅनचा वैरी लूथर यानं घडवून आणलेला असतो, लीगनं केलेला नसतो. तरीही सत्य बाहेर येईपर्यंत सुपरमॅन आणि इतर संस्थापक स्वतःहून सरकारच्या ताब्यात जातात. फक्त बॅटमॅन जात नाही. प्रकरण निवळल्यावर लीग जमिनीवर, लोकांमध्ये, आपलं ठाणं उभारते. माझ्या मते नायकाची चूक लिहायची ती अशी. आठवीला नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून हा प्रश्न मला मनोरंजनापुरता वाटत नाही.

सिडकोकर:
सर, उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. संस्थापक ज्या सरकारच्या ताब्यात गेले त्याच सरकारची अमांडा वॉलर होती ना! कॅडमस या गुप्त सरकारी प्रकल्पात लीगविरुद्ध शस्त्रं बनवणारी, लूथरचा पैसा घेणारी. म्हणजे जाब कोणाला द्यायचा, तर जो आतून सडलाय त्याला?

'इन्व्हिन्सिबल'मध्येही तेच. सरकारी संरक्षण यंत्रणेचा प्रमुख सेसिल म्हणजे तुमचं ते दार. तो काय करतो? मार्क जखमी होऊन पडलेला असताना उपचाराच्या नावाखाली त्याच्या डोक्यात यंत्र बसवतो, न विचारता. खुन्यांना सुधारलं म्हणून कामाला लावतो आणि मार्कनं विरोध केला की तेच यंत्र चालू करतो. याला उत्तरदायित्व म्हणायचं? माझा भरवसा मार्कच्या रडण्यावर जास्त आहे. ज्याला रडू येतं तो पुढच्या वेळी हात आवरतो. फायली सांभाळणारा आवरत नाही.

इंदिरानगरची आई:
तुम्ही दोघंही मोठ्यांच्या मालिकांबद्दल बोलताय. 'इन्व्हिन्सिबल' प्रौढांसाठी आहे. पण अ‍ॅनिमेशन दिसलं की घरातली मंडळी सहा वर्षांच्या मुलासमोर लावून मोकळी होतात, हे मी आजूबाजूला रोज पाहते.

माझं मत वेगळं आहे. लहान मुलाला आधी असा नायक हवा ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येईल. चूक, संशय, राखाडी रंग हे नंतर. २००८ पासून 'छोटा भीम' मुलांना का आवडतोय? कारण भीम येणार म्हणजे येणार. ढोलकपूरच्या मुलाला रात्री झोप लागते. चांगलं काय हे ज्याच्या मनात अजून बसलेलंच नाही, त्याला चांगलेही वाईट वागतात हे आधी शिकवलं तर तो चांगुलपणाच टाकून देईल. नायकाची झडती घ्यायला बारा-तेरावं वर्ष पुरेसं लवकर आहे.

गोदाकाठ:
ताई, विश्वास हवा हे मान्य. पण आमच्या पिढीचा 'शक्तिमान' आठवा. तो कार्टून नव्हता, तरी मुद्दा तोच. भागाच्या शेवटी मूल काहीतरी चुकायचं, शक्तिमान समजावायचा आणि मूल म्हणायचं, सॉरी शक्तिमान. माफी नेहमी खालून वर जायची. ज्याच्या हातात सगळी ताकद, त्यानं कधी मुलाची माफी मागितली? सहा वर्षांच्या मुलाच्या जगात शक्तिमान म्हणजे आई, बाबा, शिक्षक. मोठे चुकतात आणि चुकले की सांगतात, हे दिसल्यानं मुलाचा विश्वास तुटत नाही. उलट घट्ट होतो.

सिडकोकर, वॉलर सडलेली होती म्हणून जाबच नको, हे मला पटत नाही. न्यायालय चुकतं म्हणून आपण न्यायालय बंद करत नाही.

नाशिकरोडचा वकील:
कायद्याच्या बाजूनं एक गोष्ट मांडतो, कारण नायकाला कोर्टात उभं केलं की तो संपला असं इथे गृहीत धरलेलं दिसतंय. तसं नाही. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेनं केलेली लहान हानी हा गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेत हे कलम ८१ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १९. त्यातली उदाहरणं वाचा, थेट सुपरहिरोसाठी लिहिल्यासारखी आहेत. एका जहाजाचा कप्तान स्वतःची काही चूक नसताना अशा पेचात सापडतो की सरळ गेला तर वीस-तीस माणसांची नाव बुडेल आणि वळला तर दोन माणसांच्या नावेला धोका. दुसऱ्या उदाहरणात मोठी आग पसरू नये म्हणून माणूस घरं पाडतो. दोघेही सुटू शकतात.

पण धोका खरंच तेवढा मोठा आणि तेवढा जवळ होता का, हे तथ्य म्हणून कुणीतरी तपासावं लागतं. कप्ताननं स्वतःच स्वतःला सोडून द्यायचं नसतं. आणि सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेलं कृत्य कायदा सद्भावनेचं मानत नाही.

आता हे 'जस्टिस लीग अनलिमिटेड'च्या 'क्लॅश' या भागाला लावून बघा. लूथरनं उभारलेल्या नव्या वसाहतीखाली सुपरमॅनला एक यंत्र दिसतं. तो बॉम्ब समजतो. लीगमध्ये नव्यानं आलेला कॅप्टन मार्व्हल थांब म्हणतो. सुपरमॅन थांबत नाही. दोघांच्या मारामारीत वसाहत मोडते आणि शेवटी कळतं की ते यंत्र वीज देणारं होतं. माझ्या कोर्टात सुपरमॅनचा हेतू निर्मळ ठरेल, पण कलम १९ चा आधार मिळणार नाही. सावध करणारा समोर उभा होता आणि त्याचं ऐकलं गेलं नाही. कॅप्टन मार्व्हल लीग सोडतो, तो क्षण मला सगळ्या मालिकेतला सर्वात प्रामाणिक वाटतो. सुपरमॅन लहानपणापासून त्याचा आदर्श होता.

सिडकोकर:
वकीलसाहेब, सगळं मान्य. पण समन्स बजावणार कोण? सुपरमॅनला बेड्या घालणारा हवालदार कुठून आणायचा? ज्याला पकडता येत नाही त्याच्यावरचा खटला तो स्वतः राजी असेल तरच चालणार. म्हणजे फिरून आपण त्याच्या मनापाशीच येतो. मी तेच म्हणत होतो.

पंचवटीकर:
अहो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गंगापूर रोडवरून आनंदवल्लीला जा. तिथे राघोबादादांचं वास्तव्य होतं. नवश्या गणपतीला आपण सगळे जातो, त्याच परिसरात. हा माणूस ऐरागैरा नव्हता. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, त्या मोहिमेचे सेनापती तेच. आज मुलांसाठी त्यांचं कार्टून काढलं तर राघोबादादा पहिल्या भागापासून नायक असतील.

आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात पुतण्या नारायणराव मारला गेला. रामशास्त्री प्रभुण्यांनी या नायकाला दोषी धरलं आणि याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. अटकेची पुण्याई आड आली नाही. शास्त्र्यांकडे फौज नव्हती, हवालदारही नव्हता. आमच्या लहानपणी ही गोष्ट घराघरांत सांगत. ताई, आम्ही ती सहा-सात वर्षांचे असताना ऐकली. राघोबादादांचं शौर्यही ऐकलं आणि अपराधही ऐकला. चांगुलपणावरचा विश्वास उडाला नाही. तो रामशास्त्र्यांवर जाऊन बसला.

सिडकोकर:
काका, गोष्ट भारी आहे, पण पुढचं सांगा ना. शास्त्रीबुवा निकाल देऊन पुणं सोडून गेले आणि राघोबा पेशवे झालेच! खाली खेचलं ते बारभाईंनी. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे एकत्र आले तेव्हा. मग राघोबा इंग्रजांकडे गेले, १७७५ ला सुरतेचा तह केला, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आपल्या डोक्यावर आलं. बळ लागलंच की शेवटी. आणि त्या बळाची किंमत सगळ्यांनी मोजली.

पंचवटीकर:
बारभाईंना बळ कुठून आलं ते बघ बाळा. निकाल नसता तर तो नुसता सत्तेसाठीचा तंटा ठरला असता. निकाल होता म्हणून त्याला न्यायाचा पाया मिळाला.

जलसंपदातून निवृत्त:
चर्चा सगळी चूक झाल्यानंतरची चालली आहे. मला आधीचं महत्त्वाचं वाटतं. गंगापूर धरण मातीचं आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देता येत नाही, १९६१ ला पानशेत फुटलं ते आठवा. म्हणून पावसाळ्यात विसर्ग करावाच लागतो आणि पाणी रामकुंडावर येतं, दुतोंड्या मारुती बुडू लागतो. निर्णय बरोबर असतो, तरी खालच्या दुकानदाराचं नुकसान होतं. म्हणून आधी इशारा जातो, किती क्युसेक सोडणार ते जाहीर होतं, घाटावरच्या टपऱ्या हलवायला सांगतात. इशारा उशिरा गेला तर त्याबद्दल विचारणा होते. या मालिकांतले नायक धरणाएवढी ताकद बाळगतात आणि खाली कुणाला काही सांगत नाहीत. एवढा एक नियम पाळला तरी अर्धे शिकागो वाचतील.

इंदिरानगरची आई:
काकांचा मुद्दा मनात राहिला, पण फरक आहे. रामशास्त्र्यांच्या गोष्टीत मुलाला धरायला दुसरा हात मिळतो. हल्लीच्या मालिकांत नायक पडतो आणि शेजारी कुणीच उभं नसतं. सेसिल किंवा वॉलर हा तसा हात नव्हे. असा सडा अंधार मी माझ्या मुलाला दाखवणार नाही. चूक दाखवायची असेल तर विचारणाराही दाखवा.

गोदाकाठ:
ताई, मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं पकडलंत.

आणि विचारणारा नसला तर काय होतं, हेही याच मालिकांनी दाखवलंय. २००३ च्या 'जस्टिस लीग'मधला 'अ बेटर वर्ल्ड'. त्या दुसऱ्या जगात सुपरमॅन राष्ट्राध्यक्ष झालेल्या लूथरला ठार करतो आणि लीगचे होतात जस्टिस लॉर्ड्स. गुन्हे संपतात. तिथला बॅटमॅन इथल्या बॅटमॅनला सांगतो की आता कुठल्याही आठ वर्षांच्या पोराचे आईबाप बंदुकीनं जाणार नाहीत (बॅटमॅनचे स्वतःचे तसेच गेले होते). आणि आपला बॅटमॅन हरतो, त्याच्याकडे उत्तर नसतं. मग दोघं गाडीतून जाताना दिसतं की हॉटेलात बिलावरून हुज्जत घातली म्हणून पोलीस एका माणसाला उचलून नेताहेत. आईबाबांना हे जग फार आवडलं असतं, असं आपला बॅटमॅन म्हणतो, आणि दुसऱ्याचं मन तिथे फिरतं. त्या लॉर्ड्सचा हेतू शेवटपर्यंत चांगलाच होता. मन साफ होतं, सिडकोकर.

सिडकोकर:
हा भाग मला पाठ आहे सर. पण तुम्हीच सांगा, तिथे मन कोणी बदललं? कोर्टानं नाही. बॅटमॅननं बॅटमॅनचं बदललं.

आणि 'बॅटमॅन बियाँड', १९९९. म्हातारा ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, एका मारामारीत छातीत कळ येऊन कोलमडतो, गुंड अंगावर येतो, आणि जीव वाचवायला तो बंदूक उचलून रोखतो. चालवतही नाही. त्या रात्री तो वेष कायमचा काढून ठेवतो. त्याला कुणी विचारलं नव्हतं. कुठलं कलम लागलं नव्हतं. ही जबाबदारी तुमच्या व्याख्येत कुठे बसते?

गोदाकाठ:
माझ्या व्याख्येत ती बसत नाही, आणि मालिकासुद्धा ती पुरेशी मानत नाही असं मला वाटतं. ब्रूसनं एकट्यानं ठरवलं आणि दार लावून घेतलं. पुढची वीस वर्षं गोथमचं काय झालं? पुढे नवा बॅटमॅन झालेल्या टेरीचे वडील ज्या कंपनीच्या मालकाच्या माणसांनी मारले, ती कंपनी ब्रूसच्याच घराण्याचं नाव लावत होती. निघून जाणं हासुद्धा शहरावर परिणाम करणारा निर्णयच होता आणि शहराला कुणी विचारलं नाही. पुन्हा परतायचं, वेष आधी चोरून नेणाऱ्या शाळकरी टेरीकडेच तो द्यायचा, हेही त्यानं एकट्यानंच ठरवलं. पोलीस आयुक्त बार्बरा गॉर्डन स्वतः कधीकाळी बॅटगर्ल होती. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. त्या मालिकेत ब्रूसला तोंडावर बोलायची हिंमत आणि अधिकार दोन्ही तिच्याकडे आहेत. मला आणखी भाग लिहायला मिळाले तर मी ते तिच्या बाजूनं लिहीन.

सिडकोकर:
तिच्या बाजूनं लिहा सर, मी नक्की बघेन. पण ब्रूसला कोर्टात नेलंत तर मी त्याचा साक्षीदार म्हणून येणार. वकीलसाहेब, तारीख कळवा.

नाशिकरोडचा वकील:
या. पण उलटतपासणीची तयारी करून या. पहिला प्रश्न टेरीच्या वडिलांबद्दल असेल.