बोंडअळी : बांधावरच्या काड्या बघा

औषध बदलूनही कापसावरची गुलाबी बोंडअळी हटत नाही, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. हटणार कशी? अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरली की भोक बुजून जातं, मग फवाऱ्याचा थेंब तिच्यापर्यंत पोचतच नाही. नुसती औषधांची नावं विचारून उपयोग नाही, हे माझं स्पष्ट मत.

काड्यांचं मात्र कुणीच बोललं नाही. आमच्या आटपाडीकडे वेचणी संपली की कापसाच्या काड्या चुलीला म्हणून बांधावर रचतात. आम्हीही रचायचो. एकदा मे महिन्यात आईनं जळण ओढताना एक किडकं बोंड हातात दिलं. फोडलं, तर दोन सरक्या (कापसाच्या बिया) एकमेकींना चिकटलेल्या आणि आत गुलाबी अळी, जिवंत! पावसाळ्यात तिचाच पतंग होऊन नव्या पिकावर जातो. तेव्हापासून फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे राखणं, बंद. डिसेंबर संपायच्या आत काड्या उपटून, बारीक करून कंपोस्टला घालतो. फुलं लागली की गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या तोडून अळीसकट चुरडतो. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतो, सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग आले तरच फवारणी. पण शेजारच्या बांधावर काड्यांची गंजी तशीच असेल तर पतंग तिकडून येतातच. म्हणून यंदा आधी शेजाऱ्यांशीच बोललोय.