अनुभव धागा: घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

बाबा बहात्तरचे. आई गेल्यापासून खोलीत एकटेच झोपतात, त्यामुळे झोपेत त्यांचा श्वास अडकतो हे कळायलाच तीन वर्षं गेली. पेपर वाचता वाचता डुलकी लागायची, आम्ही म्हणायचो वय झालं. तुमच्या घरी हे आधी कोणाच्या लक्षात आलं? पुढे काय केलंत?

*

आमच्याकडे माझ्याच. यांच्या घोरण्याची चाळीस वर्षांची सवय, आवाजाने माझी झोप मोडत नाही. आवाज थांबला की मोडते! एकदा घड्याळ लावून मोजलं. वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. रात्री चार-पाचदा लघवीला उठायचे म्हणून प्रोस्टेटची गोळी चालू होती. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. ३० च्या वर म्हणजे तीव्र. डॉक्टर म्हणाले, श्वास अडला की छातीतला दाब बदलून हृदयावर ताण येतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) लावायला लागल्यापासून एकदाच उठतात. प्रोस्टेट बिचारं उगाच बदनाम.

*

मी स्वतः पेशंट, वय ६८. घोरतो हे मला मान्यच नव्हतं. नातीने व्हिडिओ काढून सगळ्यांसमोर लावला, मग काय बोलणार? झोप नीट लागत नाही म्हणून मी झोपेची गोळी घ्यायचो. तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात म्हणे. डॉक्टरांनी आधी तीच हळूहळू बंद केली.

*

मशीन घरी आणलं की झालं, असं नसतं. सासरे रात्री कवळी काढून ठेवतात, गाल आत जातात, मास्कच्या कडेने हवा फुसफुसत राहते. त्यात मिशी, तिला हात लावू देत नाहीत. तिसऱ्या मास्कवर गाडी आली, नाकपुड्यांशी बसणारा छोटा, तो टिकला. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय.

*

आईचा तासाला श्वास अडण्याचा आकडा ९ होता, म्हणजे सौम्य. मशीन दोन रात्रींत कपाटावर गेलं. डॉक्टरांना विचारून आता कुशीवर झोपवतो, पाठीशी लोड. सकाळचं डोकं दुखणं कमी झालंय.

*

धागाकर्ता: तो छोटा मास्क तोंड उघडं राहिलं तरी चालतो का? बाबांचीही कवळी आहे, आणि तोंड रात्रभर उघडंच.