मदत हवी आहे: स्कॅनमध्ये पास, प्रत्यक्षात पासवर्ड लॉगिन चालू. सर्व्हर कॉन्फिगरेशनवर लक्ष कसं ठेवता?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे साधारण अडीचशे लिनक्स सर्व्हर आहेत, बहुतेक उबुंटू 22.04, थोडे रेड हॅट 8. सांभाळणारे आम्ही तिघं. सीआयएस बेंचमार्कची (सुरक्षित सेटिंगची प्रमाणित यादी) लेव्हल 1 ही किमान अट, आणि त्यावर आमचे काही जादा नियम. त्यातला एक म्हणजे एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची पद्धत) पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) चालणार. महिन्यातून एकदा आमची स्क्रिप्ट सगळीकडे फिरते आणि अहवाल ऑडिटवाल्यांकडे जातो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी एका सर्व्हरवर जात होतो. लॅपटॉपवर चुकीची की निवडली गेली. लगेच नकार यायला हवा होता, पण समोर पासवर्ड मागणारी ओळ आली. मी अक्षरशः दचकलो. अहवाल उघडला तर तिथे हा सर्व्हर 'पास'. एसएसएचडीची (सर्व्हरवर एसएसएच चालवणारी सर्व्हिस) मुख्य कॉन्फिग फाइल उघडली, तर त्यातही पासवर्ड ऑथेंटिकेशन 'नो'च आहे. सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी पासवर्ड मागतोच.

ह्याच्या जोडीला दोन जुनी दुखणी आहेत. महिन्याच्या मधल्या काळात कोणी रात्री काही बदललं तर पुढच्या स्कॅनपर्यंत पत्ताच लागत नाही. आणि डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालणाऱ्या सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंगचा (एका नेटवर्कचा डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) नियम दर वेळी 'फेल' येतो. ते बंद केलं तर कंटेनरचं नेटवर्कच बसेल, म्हणून फॉरवर्डिंग चालूच ठेवावं लागतं. त्याच त्या लाल ओळी पाहून आता लाल रंगाकडे कुणी बघतच नाही, आणि मला खरी भीती ह्याचीच वाटते.

तुम्ही हे कसं करता? नवं महागडं साधन मिळण्याची शक्यता कमी आहे. अँसिबल (अनेक सर्व्हरवर एकदम सेटिंग लावणारं साधन) आहे, गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं) आहे.

प्रतिसाद १

मुख्य फाइल सोडा, तिच्या शेजारची 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' डिरेक्टरी बघा. बहुतेक तिथे '50-क्लाउड-इनिट' नावाची फाइल सापडेल (क्लाउड-इनिट म्हणजे नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणारं साधन) आणि तिच्यात 'येस' असेल.

उबुंटूत ह्या डिरेक्टरीला आत घेणारी इन्क्लूडची ओळ मुख्य फाइलच्या अगदी वर असते. आणि एसएसएचडी बहुतेक सेटिंगसाठी पहिल्यांदा सापडलेली किंमत धरतो, शेवटची नाही. इथेच भलेभले फसतात. तुमचं 'नो' खाली आहे, तोवर वरचं 'येस' लागू झालेलं असतं. स्क्रिप्ट मात्र मुख्य फाइलमध्ये शब्द शोधून 'पास' देते.

एसएसएचडीला कॅपिटल टीचा पर्याय देऊन चालवा. सगळ्या फाइली एकत्र करून जी किंमत ठरते ती तो छापतो. मॅच ब्लॉक (ठरावीक युजर किंवा पत्त्यांसाठी वेगळी सेटिंग) वापरत असाल तर कॅपिटल सीने युजर आणि पत्ताही द्या. पण हेसुद्धा डिस्कवरच्या फाइलींचं उत्तर आहे. चालू प्रोसेस जुन्याच सेटिंगवर असू शकते. म्हणून मी बाहेरून कनेक्शनही करून बघतो: क्लायंटला ऑथेंटिकेशनची पद्धत 'नन' द्यायची, म्हणजे सर्व्हर नकार देताना कंसात कोणत्या पद्धती चालतील ते सांगतो. तिथे 'पासवर्ड' दिसला की विषय संपला.

मूळ लेखक

अगदी तेच निघालं! सगळीकडे तपासलं, 17 सर्व्हर सापडले. सगळे एकाच टेम्प्लेटमधून बनलेले.

प्रतिसाद २

टेम्प्लेटमध्येच क्लाउड-इनिटची पासवर्डची सेटिंग बंद करा, नाहीतर पुढचा नवा सर्व्हर पुन्हा तसाच येईल. आणि तुमचा नियम '00' ने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे तो सगळ्यांच्या आधी लागेल.

मधल्या काळातल्या बदलांसाठी: अँसिबल रोज रात्री चेक आणि डिफ मोडमध्ये चालवा. काही बदलत नाही, फक्त फरक दाखवतो. पण शेल आणि कमांडवाली कामं चेक मोडमध्ये सहसा वगळली जातात, त्यामुळे तिथे फरक दिसला नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. सिसकंट्रोलच्या (कर्नल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची सेटिंग) किमती फाइलमधल्या आणि चालू कर्नलमधल्या, दोन्ही ताडून बघा. रात्री तात्पुरती बदललेली किंमत फाइलमध्ये दिसत नाही, आणि फाइलमध्ये नुसतीच लिहिलेली किंमत कर्नलला लागलेली नसते.

बदल कुणी केला हे हवं असेल तर ऑडिटडी (सर्व्हरवर कोण काय करतं ते नोंदवणारी सर्व्हिस) लावा. एकेका फाइलवर नाही, पूर्ण एसएसएच डिरेक्टरीवर नियम टाका. सुडो करून कोणी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) झाला तरी मूळ लॉगिन करणाऱ्याचा आयडी नोंदीत राहतो. सगळे एकाच सामायिक खात्याने येत असतील तर मात्र ह्याचा काही उपयोग नाही. आधी ते थांबवा.

तुमचा डॉकरचा त्रास आम्हीही भोगलाय. अपवादांची फाइल गिटमध्ये ठेवा: कोणता सर्व्हर, कोणता नियम, कारण काय, जबाबदार कोण, मुदत कधीपर्यंत. मुदत उलटली की ओळ आपोआप पुन्हा लाल. सकाळच्या मेलमध्ये फक्त कालच्यापेक्षा काय बदललं तेवढंच जाऊ द्या. आणि जो सर्व्हर उत्तरच देत नाही त्याला वेगळा रंग द्या. आमच्याकडे असे सर्व्हर कित्येक महिने 'पास'मध्ये मोजले जात होते.

मूळ लेखक

खूप आभार. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आधीचे अहवाल ऑडिटकडे गेलेत, 17 सर्व्हर 'पास' दाखवून. सर्व्हर आता दुरुस्त झालेत. तरी कळवायचं का?

प्रतिसाद १

कळवा, आणि आजच कळवा. 17 ची यादी, स्क्रिप्ट नेमकं काय चुकीचं वाचत होती, दुरुस्ती कधी झाली, आणि बाहेरून तपासल्याचा पुरावा, एवढं द्या. त्या काळात पासवर्डने कोणी आत आलं होतं का हे लॉगिनच्या नोंदींत शोधा. यशस्वी लॉगिनच्या ओळीत पासवर्ड की पब्लिक की ते लिहिलेलं असतं. ऑडिटवाले पहिला प्रश्न तोच विचारतील.

मूळ लेखक

नोंदी पाहिल्या. दोन सर्व्हरवर पासवर्डने झालेली लॉगिन आहेत, दोन्ही आमच्याच बॅकअपच्या खात्याची, आतल्या पत्त्यावरून. बाकी 15 वर एकही नाही, पण नोंदी फक्त चार आठवड्यांच्याच शिल्लक आहेत, त्याआधीचं सांगता येत नाही. हे सगळं जसंच्या तसं लिहून मेल पाठवला. बॅकअपच्या खात्याला आज की देतोय.