गोलाकार तारकागुच्छ जमवलेले की जन्मापासूनचे?

डोंबिवली_फास्ट_७७: परवा वांगणीला आकाशदर्शनाला गेलेलो, रात्री ओमेगा सेंटॉरी बघितला, दक्षिणेला खालीच होता पण दुर्बिणीतून काय दिसतो राव, रांगोळीची चिमूट सांडल्यासारखा. तिथले सर म्हणाले आपल्या आकाशगंगेत असे गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे दाटीवाटीने बसलेल्या ताऱ्यांचे गोल गोळे, १५० च्या वर आणि एम८७ या दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा महासमूह) १२,००० च्या आसपास! बहुतेक सगळे १० अब्ज वर्षांहून जुने, नवीन बनत नाहीत, मग एकट्या एम८७ कडे एवढे आले कुठून?

गच्चीवरचा_टेलिस्कोप: थोडे घरचे, बरेचसे गिळलेले. एम८७ कन्या समूहात, म्हणजे दीर्घिकांच्या एका झुंडीत, मधोमध बसलीय, बारक्या दीर्घिका खाते आणि त्यांचे गुच्छ फुकटात मिळतात. म्हणून मोठ्या दीर्घिकांत बहुतेक गुच्छांचे रंगाने दोन गट दिसतात, लालसर, म्हणजे जड मूलद्रव्यं जास्त असलेले आतल्या बाजूला, निळसर लांबपर्यंत पसरलेले, आणि या निळ्यांत बाहेरून आलेले खूप. आपणही साळसूद नाही हां, धनु बटू दीर्घिका १९९४ ला सापडली, तिला आपण अजून खातोय, एम५४ हा गुच्छ तिचाच. आणि तू बघितलास तो ओमेगा सेंटॉरी बहुधा एका गिळलेल्या दीर्घिकेचा उरलेला गाभा.

मीरा_ठाणे: पण नुसते वाढत नाहीत ना, गळतात पण. गुच्छातले तारे एकमेकांना ओढून वेगाची देवघेव करतात, जड तारे मध्ये बसतात, हलक्यांना वेग मिळतो आणि ते कडेला येऊन सुटतात, दारात लटकलेला माणूस दादरला उतरायचं नसताना ढकलला जातो तसं. त्यात आकाशगंगेच्या चकतीतून आरपार जाताना दर वेळी हिसका बसतो तो वेगळाच. पालोमार ५ हा गुच्छ बघ, त्याच्या सुटलेल्या ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या २००१ ला स्लोन नावाच्या आकाश सर्वेक्षणात दिसल्या. छोटे गुच्छ असेच संपले, आज दिसतात ते टिकलेले.

डोंबिवली_फास्ट_७७: इथे पण लोकल आलीच 😄 म्हणजे सुरुवातीला आपल्याकडे १५० पेक्षा खूप जास्त असणार?

मीरा_ठाणे: हो, बरेच. आणि "नवीन बनत नाहीत" हे आपल्या आकाशगंगेपुरतं बरोबर. अँटेना नावाच्या दोन दीर्घिका एकमेकींत घुसतायत, तिथे वायू दाबला जाऊन भारी वजनाचे तरुण गुच्छ बनताना हबलने पाहिलेत.

गच्चीवरचा_टेलिस्कोप: त्यातले टिकतील किती हा प्रश्न आहेच. पुढच्या अमावस्येला जाशील तर शौरी तारकासमूहातला एम१३ गुच्छ बघ, चांगला डोक्यावर येतो.